भिंत मागणाऱ्यांचे वंशज

इ. स. १८०२ च्या १ जानेवारीला अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या वॉशिंग्टन येथील निवासस्थानी एक विलक्षण नजराणा येऊन दाखल झाला. तो नजराणा म्हणजे चीजचा एक अवाढव्य गोळा होता. त्याचे वजन १२३५ पौंड, म्हणजे आजच्या मापाने साडेपाच क्विंटलांहून काकणभर अधिकच. मॅसॅच्युसेट्स राज्यातील चेशायर नावाच्या खेड्यातील शेतकऱ्यांनी आपापल्या गोठ्यातले दूध एकत्र केले, सफरचंदाचा रस काढण्याच्या मोठ्या चरकात ते विरजण दाबले आणि हा गोळा सिद्ध केला. त्यात विरोधी फेडरलिस्ट पक्षाच्या एकाही शेतकऱ्याच्या गाईचे दूध मिसळू दिलेले नाही, असे ही मंडळी मोठ्या गमतीने सांगत. सोबतच्या मानपत्रात आणखी एक गोष्ट मुद्दाम नमूद केली होती, ती अशी की, हे काम स्वतंत्र शेतकऱ्यांनी केले असून त्याला एकाही गुलामाचा हात लागलेला नाही. ज्याच्या हाती हे मानपत्र दिले तो अध्यक्ष स्वतः शेकडो गुलामांचा धनी होता, हा योगायोग इतिहासाने नोंदवून ठेवला आहे. भेटी फुकट स्वीकारायच्या नाहीत असा जेफरसन यांचा नेम असल्याने त्यांनी या चीजबद्दल २०० डॉलर मोजले.

हा नजराणा घेऊन येणाऱ्या धर्मोपदेशकाचे नाव जॉन लेलंड. तो बॅप्टिस्ट पंथाचा होता. दोनच दिवसांनी, ३ जानेवारीला, त्याने प्रतिनिधिगृहात प्रवचन केले आणि अध्यक्ष जेफरसन श्रोत्यांत बसले होते. श्रोत्यांमध्ये मनासे कटलर नावाचे एक प्रतिष्ठित लोकप्रतिनिधी होते. तेही धर्मोपदेशकच, परंतु प्रस्थापित पंथाचे. त्यांनी लेलंडची संभावना अडाणी आणि विदूषकी अशा शब्दांत केली. त्या काळी बॅप्टिस्टांकडे पाहण्याची वरच्या वर्गाची दृष्टी हीच होती.

आज अमेरिकेच्या राजकारणात ‘इव्हँजेलिकल’ या नावाने ओळखला जाणारा जो प्रचंड मतदारवर्ग आहे त्याचे पूर्वज हे असे होते. ‘इव्हँजेल’ म्हणजे सुवार्ता, शुभवर्तमान. बायबल हाच अंतिम आधार, ख्रिस्ताच्या बलिदानातच तारण, माणसाला आयुष्यात एकदा अंतःकरणाने ‘नवा जन्म’ घ्यावा लागतो आणि ही सुवार्ता इतरांना सांगणे हे प्रत्येकाचे कर्तव्य, अशी या लोकांची ढोबळमानाने श्रद्धा. हा काही एक पंथ नव्हे. अनेक पंथांतून वाहणारा हा प्रवाह आहे. त्यात बॅप्टिस्टांची संख्या मोठी आणि त्यांचाच इतिहास या प्रश्नाच्या मुळाशी असल्याने प्रस्तुत लेखात विशेषेकरून त्यांच्याविषयी लिहीत आहे.

स्वातंत्र्यापूर्वीच्या व्हर्जिनिया वसाहतीत इंग्लंडचे चर्च हे सरकारी चर्च होते. परवाना न घेता प्रवचन केले म्हणून १७६० नंतरच्या दशकात आणि पुढेही बॅप्टिस्ट उपदेशकांना तुरुंगात टाकले जाई. कल्पेपर येथील तुरुंगाच्या गजांआडून ते बाहेर जमलेल्या लोकांना उपदेश करीत. तरुण जेम्स मॅडिसन यांनी १७७४ च्या जानेवारीत एका मित्राला लिहिलेल्या पत्रात शेजारच्याच परगण्यात अशी पाचसहा सज्जन माणसे बंदिवासात असल्याचा उल्लेख संतापाने केला आहे. हेच मॅडिसन पुढे घटनेचे शिल्पकार झाले. जेफरसन यांनी लिहिलेला व्हर्जिनियाचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा १७८६ साली मॅडिसन यांच्या खटपटीने संमत झाला. १७९१ साली पहिली घटनादुरुस्ती आली आणि देशाचे विधिमंडळ कोणताही धर्म प्रस्थापित करणारा कायदा करणार नाही, धर्माचरणास प्रतिबंधही करणार नाही, असे ठरले. या दोन्ही वेळी मॅडिसन यांच्या पाठीशी बॅप्टिस्टांचे बळ उभे होते.

परंतु ही दुरुस्ती केवळ मध्यवर्ती सरकारला लागू होती. कनेक्टिकट राज्यात काँग्रिगेशनल पंथाचे चर्च सरकारी करावर चालतच राहिले. इतरांना त्या करातून सूट हवी असेल, तर आपण अमुक मंडळीचे सभासद आहोत असा दाखला द्यावा लागे. या दाखल्याचा जाच होऊन डॅनबरी परिसरातील बॅप्टिस्ट मंडळ्यांनी १८०१ च्या ऑक्टोबरात जेफरसन यांना एक पत्र लिहिले. आम्हाला जे धर्मस्वातंत्र्य मिळते ते कृपा म्हणून मिळते, हक्क म्हणून नव्हे, हे त्यांच्या तक्रारीचे सार. कृपा आणि हक्क यांतील अंतर काय असते हे बृहन्महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या वाचकांना फोड करून सांगण्याचे कारण नाही.

जेफरसन यांनी या पत्राला उत्तर दिले ते नेमके १ जानेवारी १८०२ रोजी, म्हणजे ज्या दिवशी चीजचा गोळा दारात आला त्याच दिवशी. पहिल्या घटनादुरुस्तीने धर्मसंस्था आणि राज्यसंस्था यांच्यामध्ये विभक्ततेची एक भिंत उभारली आहे, असे त्यांनी त्यात म्हटले. ‘भिंत’ ही अमेरिकेच्या इतिहासातील एक अजरामर प्रतिमा येथे रूढ झाली. ती सर्वस्वी जेफरसन यांची होती असेही नाही. दीडशे वर्षांपूर्वी, १६४४ साली, रॉजर विल्यम्स यांनी धर्ममंडळीची बाग आणि संसाराचे रान यांच्यामधल्या कुंपणाविषयी लिहिले होते. हे विल्यम्स म्हणजे मॅसॅच्युसेट्समधून हद्दपार होऊन प्रॉव्हिडन्स वसवणारे आणि अमेरिकेतील पहिली बॅप्टिस्ट मंडळी स्थापणारे गृहस्थ. तेव्हा ही भिंत नास्तिकांनी बांधली हा समज निराधार आहे. ती भाविकांनीच, आपली बाग राखण्यासाठी मागितली होती.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. लेलंड हा राजकारणापासून अलिप्त राहणारा साधुपुरुष नव्हता. चीजचा गोळा हा उघडउघड पक्षीय प्रचार होता. धार्मिक माणसाने राजकारणात पडू नये असे त्या पिढीचे म्हणणे कधीच नव्हते. राज्याने कोणाला देव शिकवू नये, एवढेच तिचे म्हणणे होते. या दोन गोष्टींची गल्लत आज दोन्ही बाजूंकडून सर्रास होते.

* * *

भिंत उभी राहिल्याने धर्म लयाला जाईल अशी भीती प्रस्थापितांना वाटत होती. कनेक्टिकटमध्ये १८१८ साली सरकारी चर्चचा दर्जा संपुष्टात आला, तेव्हा लायमन बीचर हा तेजस्वी उपदेशक अक्षरशः खचून गेला. पण पुढे त्यानेच कबूल केले की, राज्याच्या दृष्टीने याहून हिताची गोष्ट घडली नव्हती. कारण सरकारी आधार गेल्यावर चर्चला स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागले. तसे घडलेही. केंटकीतील केन रिज येथे १८०१ च्या ऑगस्टमध्ये हजारो लोक रानात तळ ठोकून प्रवचने ऐकत होते. तेथून पुढे चार दशके नवजागृतीची जी लाट उसळली तिने बॅप्टिस्ट आणि मेथडिस्ट या एकेकाळच्या तुच्छ पंथांना देशातील सर्वांत मोठे पंथ बनवले.

त्या लाटेचे तुषार आपल्याही किनाऱ्यावर आले. १८१० साली स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले. कंपनी सरकारला ते नकोसे होते, तरी ते टिकून राहिले. अमेरिकन मराठी मिशनच्या शाळा, छापखाना आणि १८४२ साली अहमदनगरास निघालेले ‘ज्ञानोदय’ यांविषयी वाचकांना ठाऊकच आहे. मिस फरार यांची अहमदनगरची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि त्यानंतर पुण्यात काय घडले हेही सर्वश्रुत आहे. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती संयुक्त संस्थानांतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सज्जनांना. त्या सज्जनांत सुवार्तावाद्यांची संख्या लक्षणीय होती. चार्ल्स फिनी यांच्यासारखे उपदेशक गुलामगिरीला पाप ठरवीत आणि गुलामांच्या धन्यांना प्रभुभोजनात सहभागी करून घेत नसत.

पण चित्राची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १८४५ साली जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथे सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन ही संस्था स्थापन झाली, ती गुलाम बाळगणाऱ्या माणसाला मिशनरी म्हणून नेमता येईल की नाही या वादातून. दक्षिणेतील बॅप्टिस्टांचे उत्तर ‘येईल’ असे होते. ज्या पंथाच्या लेलंडने १७८९ साली व्हर्जिनियातील बॅप्टिस्टांकडून गुलामगिरीच्या निषेधाचा ठराव लिहून संमत करवला, त्याच पंथाने छप्पन्न वर्षांत ही मजल गाठली. उत्तर आणि दक्षिण दोघेही एकच बायबल वाचतात आणि एकाच देवाची प्रार्थना करतात, हे लिंकन यांनी १८६५ च्या मार्चमध्ये सांगितले तेव्हा यादवी युद्धात सहा लाखांहून अधिक माणसे मेली होती. सदर्न बॅप्टिस्टांनी या पापाबद्दल क्षमा मागितली ती १९९५ साली. दीडशे वर्षांनी का होईना, मागितली.

गुलामांच्या वस्त्यांमधून जी काळी चर्चे उभी राहिली त्यांची श्रद्धा बहुतांशी तीच; बायबल तेच, नवा जन्म तोच. परंतु इजिप्तच्या दास्यातून सुटलेल्या इस्रायली लोकांची कथा त्यांनी आपली म्हणून वाचली. मार्टिन लूथर किंग हे बॅप्टिस्ट उपदेशकच होते. १९६३ साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून त्यांनी जे पत्र लिहिले ते संयमाचा उपदेश करणाऱ्या आठ गोऱ्या धर्मगुरूंना उद्देशून होते. कल्पेपरच्या गजांआडून बोलणारे बॅप्टिस्ट आणि बर्मिंगहॅमच्या कोठडीतून लिहिणारा बॅप्टिस्ट यांच्यामध्ये दोनशे वर्षांचे अंतर आहे. पण या परंपरेचा खरा वारस कोण, हे ठरवताना हे साम्य विसरता येत नाही.

* * *

विसाव्या शतकात हा वाद शाळेत शिरला आणि अद्यापि तेथून बाहेर पडलेला नाही. १९२५ साली टेनेसी राज्याने शाळांतून उत्क्रांतिवाद शिकवण्यास बंदी केली. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात डेटन गावी जॉन स्कोप्स या तरुण शिक्षकावर जो खटला चालला तो जगभर गाजला. स्कोप्स यांच्या बाजूने क्लॅरेन्स डॅरो आणि फिर्यादीच्या बाजूने विल्यम जेनिंग्ज ब्रायन. उकाडा असह्य झाल्याने न्यायालय बाहेरच्या हिरवळीवर भरले आणि तेथे डॅरो यांनी ब्रायन यांचीच उलटतपासणी घेऊन त्यांचे हसे केले. शंभर डॉलर दंड झाला, वरच्या न्यायालयाने तो तांत्रिक कारणावरून रद्द केला, आणि निकालानंतर पाचव्या दिवशी ब्रायन डेटनमध्येच झोपेत वारले.

ब्रायन यांना मूर्ख ठरवून मोकळे होणे सोपे आहे. ते तीनदा अध्यक्षपदाचे उमेदवार होते आणि तिन्ही वेळा गरीब शेतकऱ्यांची बाजू घेऊन लढले. १९०६ साली हिंदुस्थान पाहून त्यांनी इंग्रजी राज्यावर जी कठोर टीका केली तिने येथील देशभक्तांना धीर आला होता. ‘बळी तो कान पिळी’ हे तत्त्व शास्त्राच्या नावाने मुलांच्या मनात भरवले जाईल, अशी धास्ती त्यांनी घेतली होती, आणि पुढील वीस वर्षांत युरोपात जे झाले ते पाहता ती सर्वस्वी खुळी म्हणता येत नाही. चूक झाली ती उपाय निवडण्यात. बहुमताच्या जोरावर कायदा करून शिक्षकाच्या तोंडाला कुलूप घालण्याचा तो उपाय होता. टेनेसीचा तो कायदा १९६७ पर्यंत पुस्तकात राहिला.

पुढचा टप्पा प्रार्थनेचा. जेफरसन यांची भिंत सर्वोच्च न्यायालयाने १९४७ साली एका निकालात ठामपणे उभी केली आणि ती आता राज्यांनाही लागू असल्याचे सांगितले. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक हे अलाबामातले. बॅप्टिस्ट चर्चच्या रविवारच्या शाळेत त्यांनी शिकवलेले होते. १९६२ साली न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षणमंडळाने तयार केलेली एक छोटीशी प्रार्थना त्याच ब्लॅक यांनी घटनाबाह्य ठरवली. अवघे २२ शब्द होते. त्यांत येशूचे नाव नव्हते, आणि ज्याला म्हणायची नसेल त्या मुलाला गप्प राहण्याची वा वर्गाबाहेर जाण्याची मुभा होती. तरीही ती प्रार्थना शासनाने रचलेली होती, एवढे न्यायालयाला पुरले. पुढच्याच वर्षी शाळेतील बायबलवाचनही थांबले.

मुभा होती हे खरे. पण प्रस्तुत लेखकाने तीस वर्षे शाळेच्या पटांगणात सकाळची प्रार्थना घेतलेली आहे. दोन-अडीचशे मुलांच्या रांगांत एखादे पोर ओठ मिटून, नजर मातीकडे लावून उभे असते. त्याला कोणी काही म्हणत नाही. पण शेजारची मुले त्याच्याकडे पाहतात, आणि ती पाहत आहेत हे त्याला कळते. शिक्षकांच्या लेखी ती मुभा असते. त्या पोराच्या लेखी ती काय असते हे पोर सांगत नाही.

आश्चर्य वाटेल, पण १९६२ च्या निकालाला बॅप्टिस्टांच्या धर्मस्वातंत्र्य समितीचा पाठिंबा होता. तेव्हा अजून जुनी स्मृती जागी होती. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, १९६० साली, डल्लासच्या फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चचे वजनदार उपदेशक क्रिसवेल यांनी कॅथलिक केनेडी अध्यक्ष होता कामा नयेत म्हणून प्रवचन झोडले आणि त्यात चर्च व राज्य यांच्या फारकतीचा हवाला दिला. चोवीस वर्षे लोटली. १९८४ साली त्याच डल्लासमध्ये रिपब्लिकन पक्षाचे अधिवेशन भरले, तेव्हा तेच क्रिसवेल म्हणाले की, ही फारकतीची कल्पना कोणा अश्रद्धाच्या डोक्यातून निघालेली आहे. व्हर्जिनियातील लिंचबर्गचे जेरी फॉलवेल यांची कथाही अशीच. १९६५ साली, काळ्यांच्या हक्कांसाठी धर्मगुरू मोर्चे काढीत असताना, उपदेशकाचे काम आत्मे तारण्याचे आहे, राजकारणाचे नव्हे, असे त्यांनी व्यासपीठावरून बजावले होते. १९७९ साली ‘मॉरल मेजॉरिटी’ ही राजकीय संघटना स्थापन केली ती त्यांनीच.

मधल्या काळात काय घडले? गर्भपाताला मान्यता देणारा १९७३ चा न्यायालयीन निर्णय हे कारण नेहमी सांगितले जाते. पण सदर्न बॅप्टिस्टांनी १९७१ साली स्वतःच असा ठराव केला होता की, बलात्कार, गर्भातील गंभीर व्यंग किंवा आईच्या शारीरिक व मानसिक आरोग्याला धोका, अशा प्रसंगी गर्भपाताला कायद्याने वाव असावा. रँडल बामर या इतिहासकाराचे म्हणणे असे की, खरी ठिणगी पडली ती काळ्यांना दूर ठेवणाऱ्या खाजगी धार्मिक शिक्षणसंस्थांची करमाफी सरकारने काढून घेतली तेव्हा. बॉब जोन्स विद्यापीठाचा हा वाद १९८३ साली सर्वोच्च न्यायालयात त्या विद्यापीठाच्या विरुद्ध निकाली निघाला. बामर यांचे मत सर्वच अभ्यासकांना मान्य नाही. गर्भातील जीवाविषयी ज्यांना अंतःकरणापासून वेदना होत होती असे हजारो साधे भाविक होते, त्यांच्या प्रामाणिकपणावर शंका घेणे अन्यायाचे होईल. पण पुढाऱ्यांना कोणत्या गोष्टीने प्रथम एकत्र आणले हा प्रश्न निराळा आहे, आणि तो विचारल्यावाचून राहवत नाही.

या साऱ्या घडामोडींत एका माणसाची फार विचित्र कोंडी झाली. ते म्हणजे जिमी कार्टर. १९७६ साली ‘माझा नवा जन्म झालेला आहे’ असे सरळ सांगणारा हा सदर्न बॅप्टिस्ट सुवार्तावाद्यांच्या मतांवर निवडून आला. (त्यांच्या आई लिलियन कार्टर यांनी अडुसष्टाव्या वर्षी मुंबईच्या विक्रोळीत येऊन, १९६६ ते ६८ या काळात, परिचारिका म्हणून रोग्यांची सेवा केली होती, ही आठवण कित्येक मुंबईकरांना असेल.) कार्टर आयुष्यभर रविवारच्या शाळेत बायबल शिकवीत राहिले, तथापि शासनाने प्रार्थना लादू नये हे जुने बॅप्टिस्ट मत त्यांनी सोडले नाही. १९८० साली त्यांच्याच पंथबांधवांनी त्यांना सोडून रेगन यांना मते दिली. पुढे २००० साली स्त्रियांच्या स्थानाविषयीच्या मतभेदातून कार्टर यांनी सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनशी असलेला संबंध तोडला. २०२४ च्या डिसेंबरात, शंभरी ओलांडल्यावर, ते वारले.

* * *

आता इतिहासाकडे वळू, कारण आजचा झगडा मतांच्या जोडीने भूतकाळावर चालला आहे. देशाचे संस्थापक सच्चे ख्रिस्ती होते, त्यांनी ख्रिस्ती राष्ट्रच स्थापले आणि भिंतीची गोष्ट मागाहून न्यायाधीशांनी रचली, असा एक इतिहास चाळीस वर्षे चर्चांमधून सांगितला जात आहे. टेक्सासचे डेव्हिड बार्टन हे त्याचे प्रमुख कथाकार. त्यांनी २०१२ साली जेफरसन यांच्यावर जे पुस्तक लिहिले ते खूप खपले. वास्तविक जेफरसन यांनी उतारवयात, १८२० च्या सुमारास, बायबलच्या प्रती हाती घेऊन धारदार पात्याने त्यांतली येशूची नीतिवचने कापून काढली आणि ती ग्रीक, लॅटिन, फ्रेंच व इंग्रजी अशा चार भाषांत शेजारी शेजारी चिकटवून एक वही बनवली. चमत्कार त्यांनी गाळले. पुनरुत्थानही गाळले. ती वही आजही जपून ठेवलेली आहे. अशा माणसाला सनातन ख्रिस्ती ठरवणे ही कसरतच होती.

बार्टन यांचे पुस्तक उघडे पाडले ते कोणी? वॉरन थ्रॉकमॉर्टन आणि मायकेल कूल्टर या दोन प्राध्यापकांनी; दोघेही एका ख्रिस्ती महाविद्यालयात शिकवणारे. त्यांनी एकेक दावा मूळ कागदांशी ताडून पाहिला. ख्रिस्ती ग्रंथांसाठीच प्रसिद्ध असलेल्या थॉमस नेल्सन या प्रकाशनसंस्थेने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुस्तक बाजारातून मागे घेतले. त्याच्याही आधी, १९८३ साली, मार्क नोल, नेथन हॅच आणि जॉर्ज मार्सडन या तिघा श्रद्धावंत इतिहासकारांनी ‘ख्रिस्ती अमेरिका’ ही कल्पना इतिहासाला धरून नाही असे सप्रमाण लिहिले होते. घरातल्याच माणसांनी घरच्यांना सांगितलेले हे खरे बोल होते. परंतु प्रवचनाला जमतात तितके लोक तळटिपा वाचायला जमत नाहीत, हा अनुभव आपल्याकडेही निराळा नाही.

हा वाद केवळ पंडितांचा आहे असे समजून सोडून देता आले असते. पण २०२२ सालच्या जूनमध्ये तसे राहिले नाही. वॉशिंग्टन राज्यातील ब्रेमर्टन येथील शाळेचा फुटबॉल प्रशिक्षक सामना संपल्यावर मैदानाच्या मधोमध गुडघे टेकून प्रार्थना करी. त्याला मनाई करणारी शाळा चुकली, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी दिला. निकालात आणखी एक गोष्ट होती. धर्म प्रस्थापित न करण्याचे कलम यापुढे ऐतिहासिक प्रथा आणि समजुती यांच्या आधाराने लावावे, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजे इतिहास हाच कायद्याचा मापदंड ठरला. आणि मग कोणता इतिहास, कोणी लिहिलेला, हा प्रश्न थेट वर्गाच्या भिंतीपर्यंत येऊन पोहोचला.

तो पोहोचलाही. २०२४ च्या जूनमध्ये लुइझियाना राज्याने कायदा केला की, प्रत्येक सरकारी शाळेच्या प्रत्येक वर्गात दहा आज्ञा लावाव्यात. फलक किमान ११ इंच रुंद आणि १४ इंच उंच असावा आणि अक्षर मोठे, सहज वाचता येईल असे असावे. त्यासोबत एक ऐतिहासिक निवेदनही हवे, आणि त्यात जुन्या अमेरिकन क्रमिक पुस्तकांत या आज्ञा कशा होत्या हे सांगितलेले असावे. केंटकी राज्याचा असाच कायदा १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढला होता. पण तेव्हा मापदंड वेगळा होता. लुइझियानाच्या कायद्याविरुद्ध पालक न्यायालयात गेले. त्यांत ख्रिस्ती धर्मोपदेशकही आहेत. आमच्या मुलांना दहा आज्ञा आम्ही शिकवू, सरकारने नको, असे त्यांचे म्हणणे आहे. लेलंडच्या वंशातले कोणी उरलेच नाही असे नव्हे.

त्याच लुइझियानाचे माइक जॉन्सन २०२३ साली प्रतिनिधिगृहाचे सभापती झाले. ते सदर्न बॅप्टिस्ट. बार्टन यांचा आपल्यावर फार प्रभाव असल्याचे त्यांनी पूर्वी सांगितलेले आहे. सभापती झाल्यावर काही आठवड्यांतच त्यांनी असे प्रतिपादन केले की, भिंतीचा शब्द घटनेत नाही, तो जेफरसन यांच्या पत्रातला आहे आणि ती भिंत राज्यापासून चर्चचे रक्षण करण्यासाठी आहे, चर्चपासून राज्याचे रक्षण करण्यासाठी नव्हे. शब्द घटनेत नाही हे खरेच आहे. बागेचे रक्षण हा हेतू होता हेही खरे. पण डॅनबरीच्या लोकांना त्रास कोणाचा होता? बहुसंख्य चर्चच्या हाती सरकारी कर आणि दाखले आले होते, त्याचा होता. भिंतीची एकच बाजू वाचली की पत्र लिहिणारे दिसेनासे होतात.

निवडणुकांचे आकडे पाहिले तर २०१६ साली गोऱ्या सुवार्तावादी मतदारांपैकी प्रत्येक दहांतील सुमारे आठांनी डोनाल्ड ट्रम्प यांना मत दिले आणि पुढच्या दोन्ही निवडणुकांत हे प्रमाण फारसे ढळले नाही. त्यांच्या पदरात फळही पडले. ट्रम्प यांनी नेमलेल्या तीन न्यायमूर्तींच्या बळावर १९७३ चा गर्भपातविषयक निर्णय २०२२ साली रद्द झाला. मात्र सत्ता वाढत असताना पट घटत होता. सदर्न बॅप्टिस्टांची सभासदसंख्या २००६ साली १ कोटी ६३ लाखांपर्यंत गेली होती. २०२४ पर्यंत ती १ कोटी २७ लाखांवर उतरली. आपण पुन्हा अल्पसंख्य होत आहोत, आपली मुले आपल्या हातून जात आहेत, ही धास्ती त्यांच्या वर्तनामागे आहे, आणि ती समजण्याजोगी आहे. जो समाज आपला वारसा पुढच्या पिढीला देऊ पाहतो त्या प्रत्येकाला ती कधी ना कधी चाटून जाते. परंतु अल्पसंख्य असताना याच लोकांनी काय मागितले होते? सरकारी चर्चमध्ये वाटा नव्हे, सरकारी शाळेच्या भिंतीवर जागा नव्हे. दाखला द्यावा लागू नये, एवढेच.

चेशायर गावात आज त्या चरकाची सिमेंटमध्ये घडवलेली एक प्रतिकृती रस्त्याच्या कडेला उभी आहे. लेलंड १८४१ साली वारला. त्याची कबर त्याच गावात आहे. सदुसष्ट वर्षे या माणसाने धर्मनिष्ठा वाढवण्यासाठी आणि सर्व माणसांचे नागरी व धार्मिक हक्क राखण्यासाठी श्रम केले, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर कोरलेला आहे. बॅप्टिस्टांचे हक्क असे तेथे लिहिलेले नाही.